झोपाळ्याच्या वॉर्निशवरचे बुडबुडे गेले

अंगणातल्या सागवानी झोपाळ्याला एप्रिलमध्ये सकाळी वॉर्निश लावलं आणि दुपारपर्यंत सगळीकडे बारीक फोड. सोलापूरचं ऊन! लाकूड तापत गेलं की त्याच्या छिद्रांतली हवा फुगून वर येते, ओलं वॉर्निश उचलते. शिवाय मी डबा जोरात हलवला होता, तेही चुकलंच.

सगळं १८० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासलं, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसलं. मग ऊन उतरल्यावर, लाकूड निवत असताना, अंगणात सडा मारून धूळ बसवली आणि डबा फक्त काठीने ढवळला. पहिला हात थोडं टर्पेंटाइन घालून पातळ दिला, फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दोनदा. पुढचे दोन हात रोज एक, मध्ये ३२० नंबरच्या, आणखी बारीक पॉलिश पेपरने घासून. बोट फिरवलं तर आता काचेसारखं लागतं.