अमेरिकेची सबसिडी चौकशी लागली तर: निर्यातदारांनो, या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात फौंड्रीवाल्यांसोबत चहाला बसलं आणि सबसिडीचा विषय निघाला, की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, जागतिक व्यापार संघटनेनं निर्यात अनुदानावर बंदी घातली, आता संपलं सगळं. दुसरा म्हणतो, ती संघटनाच निजल्यासारखी आहे, आपलं कोण काय वाकडं करणार? दोघंही अर्धे बरोबर आहेत. गोत्यात येतो तो बहुतेक वेळा दुसरा.

कारण झालं ते असं. निर्यात केली तरच मिळणारी सबसिडी संघटनेच्या सबसिडी कराराप्रमाणे थेट निषिद्ध आहे. गरीब देशांना त्यातून सूट होती, पण दरडोई उत्पन्न १९९० च्या किमतींनुसार सलग तीन वर्षं एक हजार डॉलरच्या वर राहिलं की सूट संपते. भारतानं २०१३ ते २०१५ मध्ये ही रेघ ओलांडल्याचं २०१७ मध्ये संघटनेनं दाखवून दिलं. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेनं एमईआयएस (निर्यातीच्या प्रमाणात मिळणारं बक्षीस), ईपीसीजी (निर्यातीच्या अटीवर ड्युटीविना मशीन आणणं), एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) वगैरे योजनांविरुद्ध तक्रार केली आणि ३१ ऑक्टोबर २०१९ चा निकाल बहुतांशी आपल्या विरोधात गेला. भारतानं नोव्हेंबरमध्ये अपील केलं. डिसेंबरमध्ये अपील मंडळच बंद पडलं, कारण त्यावर नवे सदस्य नेमायला अमेरिकाच आडकाठी करत होती. तक्रारदारानंच कोर्टाला कुलूप घातल्यासारखा हा प्रकार. पुढे जून २०२३ मध्ये दोन्ही देशांनी सहा वाद आपसांत मिटवले, त्यात हाही मिटला.

मग चिंता कसली? चिंता अशी, की त्याच करारात दुसरी वाट आहे. आयात करणारा देश जिनिव्हाला, म्हणजे संघटनेकडे, न जाता स्वतः चौकशी करू शकतो आणि सापडलेल्या सबसिडीएवढं काउंटरव्हेलिंग शुल्क, म्हणजे सीव्हीडी, लावू शकतो. २०२४ मध्ये अमेरिकेनं भारतीय कोळंबीवर सुमारे पावणेसहा टक्के सीव्हीडी लावली, ती याच वाटेनं. (जीएसटीपूर्वी आपण आयातीवर भरायचो ती ‘सीव्हीडी’ वेगळी. जुने लोक दोन्हींची गल्लत करतात आणि तासभर वाद घालतात.)

‘रोडटेप म्हणजे कर परतावा, ती सबसिडी नव्हेच’

एमईआयएस गेली आणि १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप ही निर्यातदाराला कर परत करणारी योजना आली ती याच युक्तिवादावर. कागदावर तो बरोबर आहे. मालावर बसलेला अप्रत्यक्ष कर परत केला तर ती सबसिडी ठरत नाही. बसला त्यापेक्षा जास्त परत केला तर वरची रक्कम ठरते. पण कोणत्या मालात काय वापरलं आणि त्यावर किती कर बसला, हे तपासणारी पद्धत सरकारकडे हवी. ती दिसली नाही तर अमेरिकेचं वाणिज्य खातं जास्तीची रक्कम मोजत बसत नाही, अख्खा परतावाच सबसिडी धरतं. रोडटेपचे दर ठरतात वस्तूनुसार सरासरीनं, तुमच्या कारखान्याच्या हिशेबावरून नव्हे. अडचण इथेच आहे.

म्हणून वीजबिलातलं वीज शुल्क, डिझेलवरचा व्हॅट यांचा हिशेब शिपिंग बिलांशी जुळवून ठेवा. वर्षाचा क्लेम एक कोटीच्या वर असेल तर केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयानं (डीजीएफटी) आता वार्षिक रोडटेप रिटर्न आणि पाच वर्षांची कागदपत्रं बंधनकारक केली आहेत. बरेच जण ती कटकट समजून अंदाजे आकडे टाकतात. तसं करू नका. नीट हिशेब दाखवला म्हणून अमेरिका ऐकेलच असं नाही, पण हिशेब नसताना तर अजिबात ऐकणार नाही.

राज्याची सवलत लपून राहत नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ‘सरकारकडून काय काय मिळालं?’ असं विचारलं की सीए केंद्राच्या योजना लिहितो. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना, ती १९६४ पासून चालत आलेली पीएसआय, यादीत नसते. विक्रीकर किंवा एसजीएसटीचा परतावा, वीज शुल्कमाफी हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की त्याला कुणी सबसिडी म्हणतच नाही. पण करारानुसार ठरावीक भागातल्या उद्योगांपुरतीच असलेली मदत ‘विशिष्ट’ ठरते, आणि विशिष्ट मदतीवर शुल्क लावता येतं. आपल्या योजनेचा तर पायाच तो आहे: विकसित भागांच्या ए झोनला कमी, मागास भागांच्या डी आणि डी प्लसला जास्त. मागास भाग वर यावेत म्हणून केलेली ही मांडणी मला योग्यच वाटते. तरी वॉशिंग्टनच्या फायलींत महाराष्ट्राची ही योजना पूर्वीपासून नाव-गावासकट आहे, हे विसरू नका. तुम्ही सांगितलं नाही आणि पडताळणीला आलेल्या अधिकाऱ्याला ताळेबंदात दिसलं, तर तो सर्वांत वाईट दर धरू शकतो.

ईपीसीजीचंही तसंच. मशीन आणून वर्षं झाली, आता काय, असं वाटतं. पण निर्यातीची अट पुरी होईपर्यंत वाचलेली ड्युटी बिनव्याजी कर्ज धरली जाते आणि पुरी झाल्यावर अनुदान; ते अनुदान मशीनच्या आयुष्याएवढ्या वर्षांवर विभागतात. म्हणजे जुनं लायसन्स आजच्या दरात येतं. अट पुरी झाल्याचं डिस्चार्ज सर्टिफिकेट रखडलं असेल तर आधी ते मिळवा.

प्रश्नावलीचा ईमेल

चौकशीत सहसा सगळ्यांना विचारत नाहीत, मोठ्या दोन-तीन निर्यातदारांना निवडतात. त्यांचा जो दर निघतो, त्याची सरासरी बाकीच्यांना लागते. त्यामुळे लहान कारखानदारानं ‘मला कुठे विचारलंय’ म्हणून गप्प बसू नये. निर्यात परिषदेमार्फत त्या मोठ्यांची उत्तरं नीट जातायत ना, हे बघावं. कधी कधी आधी फक्त किती माल, किती किमतीचा, एवढंच विचारणारा ईमेल येतो. तो स्पॅम समजून पुसू नका. उत्तर न देणाऱ्याबद्दल हाती असलेली सर्वांत प्रतिकूल माहिती वापरायची त्यांना मुभा आहे. युरोपनं ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर शुल्क लावलं तेव्हा टेस्लाला ७.८ टक्के लागले आणि पुरेसं सहकार्य न केलेल्या एसएआयसी या चिनी कंपनीला ३५.३. मदतीला वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार उपाय महासंचालनालयात (डीजीटीआर) ट्रेड डिफेन्स विंग आहे, तिथे पहिल्याच आठवड्यात संपर्क करा.

‘सबसिडी दोन टक्क्यांच्या आत असली की शुल्कातून सुटतो’ हे आता अमेरिकेत चालत नाही. ती सवलत विकसनशील देशांची होती, अमेरिकेनं फेब्रुवारी २०२० मध्ये त्या यादीतून भारताचं नाव काढलं. आता मर्यादा एक टक्का.

साखरेचा दाखला देऊ नका. भारताच्या साखर सबसिडीविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला यांनी केलेल्या तक्रारींवरचा डिसेंबर २०२१ चा निकाल मुख्यतः शेती कराराखाली आहे. उसाच्या एफआरपीचं, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचं, गणित कास्टिंगला लागू होत नाही.

शेवटचं, ऑर्डर घेतानाचं. अमेरिकेत माल उतरताना भरतात ती फक्त अनामत असते, खरा दर वार्षिक पुनरावलोकनात नंतर ठरतो आणि फरक मागाहून वसूल होतो. डीडीपी दरानं, म्हणजे तिथलं शुल्कही आपण भरायचं ठरवून, माल विकून तिथले आयातदार तुम्हीच झालात, तर तो फरक तुमच्या खात्यातून जातो. जुन्या गिऱ्हाइकानं कितीही गळ घातली तरी एफओबीवरच, म्हणजे माल जहाजावर चढवण्यापर्यंतच्या दरावरच, थांबा.