जीव देण्याबद्दल रुग्णाला कसं विचारावं

झोप नाही, अंग मोडून येतं, पोटात गोळा येतो. तपासण्या सगळ्या नॉर्मल, तरी माणूस पंधरवड्याला पुन्हा दारात. अशा वेळी टॉनिक लिहू नका, विचारा. 2002 च्या एका संशोधन-आढाव्यात दिसलं की आत्महत्या केलेल्यांपैकी साधारण 45 टक्के लोक शेवटच्या महिन्यात नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते.

सोबतच्यांना बाहेर बसवा, दार लावा.

आता अवघड भाग. हा प्रश्न विचारताना माझीही जीभ अडखळायची. ‘तसलं काही मनात नाही ना?’ असं कधीच विचारू नका. ‘नाही’ हे उत्तर तुम्हीच त्याच्या तोंडात घालता. झोपेपासून सुरू करा, मग ‘जगण्यात काही राम उरला नाही असं वाटतं का?’ आणि लगेच, सरळ नजरेने: ‘जीव देण्याचा विचार मनात येतो का?’ शब्द गुळमुळीत नकोत. विचारल्याने डोक्यात खूळ शिरतं, ही समजूत खोटी आहे. पीएचक्यू-9 या नैराश्य तपासायच्या नऊ प्रश्नांच्या यादीतला नववा प्रश्न ‘मेलेलं बरं’ आणि ‘स्वतःला इजा’ एकत्रच विचारतो. तिथे ‘अजिबात नाही’ सोडून कुठेही खूण असली, तरी तोंडी विचाराच.

‘हो’ आलं की गप्प बसा. त्याला बोलू द्या. ‘पोराबाळांकडे बघा’ हे तर मुळीच नको. आपलं सगळ्यांना ओझं झालंय असं वाटणारा माणूस त्यातून आणखी खचतो. मग विचारा: काही ठरवलंय का, कधी, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न झालाय का? बेत आणि साधन दोन्ही असतील तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी सोबत देऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे पोहोचवा.

‘असं करणार नाही’ अशी शपथ घेणं, लिहून घेणं हा निव्वळ देखावा. त्यापेक्षा कागदावर लिहा: विचार दाटून यायला लागले हे कशावरून ओळखायचं, तेव्हा काय करायचं, कोणाला फोन करायचा. हा कागद त्याच्याच शब्दांत हवा.

साधनं दूर करा. गोळ्या महिन्याच्या नव्हे, आठवड्याच्याच द्या. कीटकनाशक घरातून हलवायला त्याच्या संमतीने घरच्यांना सांगा. श्रीलंकेत 1990 च्या दशकात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्यांचं प्रमाण पुढे निम्म्याहून खाली आलं.

केसपेपरवर नोंद करा. पुढची तारीख आठवड्याच्या आतली द्या, आणि त्या दिवशी तो आला नाही तर संध्याकाळच्या आत स्वतः फोन लावा.