पिकअपच्या लोखंडी रिमला घरच्या घरी नवा रंग

अलॉय (हलक्या मिश्रधातूचे रिम) घ्यायचं बजेट नसेल तर पिकअपच्या स्टॉक, म्हणजे कंपनीकडून आलेल्या लोखंडी रिमच रंगवा, मॅट काळा किंवा गनमेटल (गडद राखाडी) एकदम भारी दिसतो. टायर रिमवरून उतरवायची गरज नाही, हवा थोडी कमी करा आणि जुन्या पत्त्यांच्या कॅटमधले पत्ते टायर आणि रिमच्या फटीत एकावर एक खोचत गोल फिरा, झालं मास्किंग! वॉल्व्हला टेप लावा.

खरी मेहनत घासण्यात आहे. आधी निरमाच्या पाण्याने धुवायचं, गंज वायर ब्रशने काढायचा, मग 320 चा पॉलिश पेपर मारून थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचं, कारण ग्रीस राहिलं की रंग पापड्या धरतो (माझा पहिला रिम असाच वाया गेला). मग प्रायमर, वाळला की स्प्रेचे तीन-चार पातळ हात, मध्ये 10-15 मिनिटं थांबून, घाई केली की ओघळ येतात.

नट बसतात त्या खोलग्यात आणि ड्रमला टेकणाऱ्या मागच्या बाजूला रंग अजिबात नको, तिथला रंग दबला की नट ढिले होतात. चाक बसवल्यावर 50-100 किमीने नट पान्याने परत चेक करा. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत रंग पांढुरका पडतो.