क्युबिक की बीबीआर? लिनक्सवर मोजून ठरवा

‘बीबीआर लावा, स्पीड दुप्पट’ हा सल्ला बाजूला ठेवा. क्युबिक आणि बीबीआर हे टीसीपीचे, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या नियमावलीचे, गर्दी-नियंत्रण अल्गोरिदम. अल्गोरिदमने लाइन मोठी होत नाही. पाठवणाऱ्याने डेटा किती वेगाने सोडायचा एवढंच ते ठरवतं. म्हणून बदल पाठवणाऱ्या मशीनवर करायचा. इंदूरच्या ऑफिसातून मुंबईच्या सर्व्हरवर बॅकअप चढवत असाल तर इंदूरला. ग्राहक तिथून फाइली उतरवत असतील तर मुंबईला.

तयारी सोपी: कर्नल (लिनक्सचा गाभा) 4.9 किंवा पुढचा, बीबीआरचं मॉड्यूल लोड, उपलब्ध अल्गोरिदमच्या यादीत नाव दिसलं की झालं. 4.13 पासून एफक्यू रांग (पॅकेटं ठरावीक वेगाने सोडणारी) सक्तीची नाही, तरी लावलेली बरी. फक्त डीफॉल्ट रांग बदलल्याने चालू इंटरफेसवरची बदलत नाही, ती टीसी या आज्ञेने वेगळी बदलावी लागते.

खरी गोची मोजण्यात आहे. क्युबिक पॅकेटं गळली की गर्दी समजून विंडो (पोच येण्याआधी सोडता येणारा डेटा) सुमारे 30 टक्के कापतं. बीबीआरची पहिली आवृत्ती गळतीकडे जवळजवळ बघतच नाही. पोचण्याचा वेग आणि किमान आरटीटी (पॅकेट जाऊन पोच परत यायला लागणारा वेळ) यांवरून अंदाज बांधते. त्यामुळे कमकुवत मोबाइल सिग्नलवर ती जिंकते, पण लहान बफरच्या सामायिक लाइनवर शेजारच्या क्युबिक कनेक्शनांचा गळा आवळते. बॅकअप झपाट्याने जातो आणि त्याच ऑफिसातले व्हिडिओ कॉल अडखळतात.

म्हणून आयपर्फ3 या वेग मोजणाऱ्या साधनावर क्युबिक, बीबीआर, क्युबिक, बीबीआर असं आलटून-पालटून चालवा, प्रत्येकी 60 सेकंद, सुरुवातीचे 5 सोडून. सगळं क्युबिक आधी उरकून मग बीबीआर घेतलं, तर मधल्या वेळात लाइनच बदललेली असते. ग्राहक रात्री इंदूरच्या सराफ्यात, खाऊबाजारात, उभे राहून मोबाइलवर साइट उघडत असतील तर सकाळी अकराचे आकडे कुचकामी. चाचणी चालू असताना दुसऱ्या खिडकीत पिंग ठेवा आणि वेग, पुन्हा पाठवलेली पॅकेटं, पिंग हे तिन्ही लिहून घ्या. क्युबिकच्याच दोन फेऱ्यांत जेवढा फरक पडतो, त्याहून बीबीआरचा फायदा मोठा नसेल तर क्युबिकच ठेवा. आयपर्फ3 ने बीबीआरला परवानगी नाकारली तर रूटने चालवा, किंवा परवानगीच्या यादीत त्याचं नाव घाला.

नेटएम या लिनक्सच्या साधनाने नकली गळती करणार असाल तर पाठवणाऱ्याच्याच इंटरफेसवर नको. तिथे एफक्यू हटते आणि आकडे फसवे येतात. मधल्या मशीनवर लावा.

डीसीटीसीपी हा तिसरा अल्गोरिदम डेटा सेंटरपुरताच, तोही स्विच ईसीएन खूण (पॅकेट न टाकता दिलेला गर्दीचा इशारा) करत असतील तर.

बदलल्यावर एसएस या कनेक्शनं दाखवणाऱ्या आज्ञेने खात्री करा: आधीपासून जोडलेली कनेक्शनं जुन्याच अल्गोरिदमवर राहतात. फायदा एकाच मार्गावर दिसला तर सगळं मशीन बदलू नका. आयपी राउट आज्ञेत कंगसीटीएल हा पर्याय त्या मार्गापुरता लावा.