नुनावुतमध्ये ट्रॅव्हल नर्स: विमानाचा हिशोब आधी

कॅनडाच्या उत्तर टोकाला नुनावुतमध्ये २५ वस्त्या आहेत आणि त्यांना एकमेकींशी जोडणारे रस्ते नाहीत. राजधानी इकालुइटला रुग्णालय आहे. लहान वस्त्यांत आरोग्य केंद्र आणि मोजक्या नर्स. डॉक्टर बहुतेकदा फोनवर. गंभीर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात विमानानेच हलवावं लागतं. त्यामुळे इमर्जन्सीत काही वर्षं काढली नसतील, तर ट्रॅव्हल नर्सचं, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दूर जाऊन करायचं हे काम इतक्यात घेऊ नका. नोंदणी वेळेत सुरू करा; नुनावुत आणि शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज प्रदेशासाठी ती एकाच संस्थेकडे होते.

सामानात उणे ४० अंशांना चालेल असा पार्का (टोपीचा जाड कोट), आतून लोकरीचे कपडे (सुती नकोत, घामाने ओले झाले की अंग गार पडतं) आणि कोरडा शिधा घ्या. काही वस्त्यांत दारूबंदी आहे, तेव्हा बॅगेत बाटली नको.

पोचल्या दिवशी ऑक्सिजन मोजा. भरलेल्या ई साइझ (लहान, हलवता येणाऱ्या) सिलिंडरमध्ये सुमारे ६८० लिटर असतो. मिनिटाला १० लिटर दिला तर तो तासाभरात संपत येतो. आता रुग्णाला न्यायला विमान बोलावल्यापासून धावपट्टीवर उतरेपर्यंत किती तास जातात, ते जुन्या सहकाऱ्यांना विचारा आणि सिलिंडर पुरतील का ते कागदावर मांडा. वादळ असेल तर हाच आकडा दिवसांत जातो. म्हणूनच रुग्ण बिघडेल असं वाटू लागलं की डॉक्टरांना लगेच फोन करा. 'सकाळपर्यंत बघू' इथे महागात पडतं.

विमानात उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अडकलेली हवा फुगते. न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती अडकलेली हवा) असेल तर ती काढणारी नळी छातीत उड्डाणाआधी घालायची की नाही, हे डॉक्टरांशी ठरवून घ्या. श्वासनळीतल्या ट्यूबच्या कफचा (ट्यूबभोवतीच्या हवा भरलेल्या फुग्याचा) दाब चढताना वाढतो, उतरताना घटतो. तो दोन्ही वेळा तपासायला विमानातल्या वैद्यकीय पथकाला सांगा.

थंडी उपकरणांनाही भोवते. गार बोटावर पल्स ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा) चुकीचं दाखवतो. आधी बोट गरम करा किंवा कानाची पाळी वापरा. सलाइनची पिशवी स्लेडवर (बर्फावरच्या घसरगाडीवर) उघडी ठेवली की गोठते, ती कोटाच्या आत छातीशी ठेवा. इन्सुलिन आणि बहुतेक लसी २ ते ८ अंशांत हव्यात. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळलं तरी निकामीच, आणि अनेक लसींचंही तसंच.

हिमदंश झालेला अवयव ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात शेका, चोळू नका. तो पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर शेकूच नका, कारण दुसऱ्यांदा गोठल्यावर जास्त ऊती मरतात. शेकताना वेदना भयंकर होतात, तेव्हा वेदनाशामक आधीच द्या. गारठलेल्या, बेशुद्ध माणसाची नाडी मात्र पूर्ण ६० सेकंद बघा. ती फार मंद असते आणि घाईत हाताला लागत नाही. त्याला आडवा ठेवूनच हळुवार हलवा. धक्क्याने हृदयाची लय बिघडू शकते.

इनुक्टिटुट (इथल्या इनुइट लोकांची भाषा) बोलणारा दुभाषा असला तरी बोलताना नजर रुग्णाकडे ठेवा. 'दुखतंय का?' विचारल्यावर शब्द येतीलच असं नाही. भुवया उंचावल्या म्हणजे 'हो', नाक मुरडलं म्हणजे 'नाही'. मराठीत नाक मुरडणं म्हणजे नापसंती, इथे तो साधा नकार असतो. हे माहीत नसलं तर चार्टवर 'रुग्ण उत्तर देत नाही' असं चुकून लिहिलं जातं.