‘कॅच’ शिकायचा तर रापणीवर चला

देवबागला माझ्या पडवीत संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणारी बरीचशी मुलं रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्यांच्या, घरातली. एकदा होडीतून उतरताना त्यांतली एक मला म्हणाली, “बाई, कॅच माय हॅण्ड!” मराठीत ‘हात पकडा’ अगदी बरोबर, पण इंग्रजीत तिथे ‘होल्ड’ हवं. फळ्यावर सांगून ते उतरेना, म्हणून मुलांना वाळूतच नेलं.

तुम्हीही रापण ओढताना दाखवा. होडी अर्धगोल जाळं टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर दोन्हीकडून माणसं ओढतात. दोर मुठीत आहे, निसटू द्यायचा नाही, हे ‘होल्ड’. पळणारा बांगडा जाळ्यात सापडला, तो क्षण ‘कॅच’. पळतं, उडतं काही हाती आलं की कॅच. आलेलं हातात ठेवलं की होल्ड. एवढं बसलं की अर्धं काम झालं.

मोठ्या मुलांना शब्दाचं मूळही सांगावं. लॅटिन ‘कापेरे’ म्हणजे घेणे, धरणे. त्याच कुळातला शब्द जुन्या फ्रेंचमध्ये ‘पाठलाग करणे, शिकार करणे’ या अर्थाने रुळला. १०६६मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्या उत्तरेकडच्या बोलीतल्या रूपातून पुढे कॅच आला, पॅरिसकडच्या रूपातून चेस. दोघे सख्खे भाऊ! म्हणून तर ‘कॅच अप’ म्हणजे पुढे गेलेल्याला गाठणं.

भूतकाळ ‘कॉट’, ‘कॅच्ड’ म्हणू देऊ नका. फ्रेंचमधून आलेली क्रियापदं सहसा नियमाने चालतात, पण याने ‘पकडणे’ अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदाच्या, म्हणजे आजच्या ‘लॅच’च्या, तेव्हाच्या भूतकाळाचा साचा उचलला.

बाकीचे वापर वाक्यांतूनच घोटून घ्यावेत. आपल्याला सर्दी होते, इंग्रजीत माणूस सर्दी ‘कॅच’ करतो. मालवणची एसटी मिळाली: आय कॉट द बस. नाव नीट ऐकू आलं नाही: आय डिडन्ट कॅच युअर नेम. इथे ‘डिडन्ट’नंतर ‘कॉट’ नको.

आगीपाशी मुलं हमखास अडतात. त्यांना वाटतं, आग चुडतांना, म्हणजे माडाच्या झावळ्यांना, ‘कॅच’ करते. तेव्हा मी विचारते, आपण काय म्हणतो? सुकी चुडतं पेट घेतात. ड्राय लीव्हज कॅच फायर. घेणारी चुडतंच, आणि ‘कापेरे’चा अर्थही घेणेच.