प्रीमियर पद्मिनी गाडीचं पाणी कमी होतं, पण खाली थेंब नाही? कोअर प्लग बघा

लक्षण: चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा वर, थंड झाल्यावर रेडिएटर अर्धा रिकामा, पण खाली डाग नाही. रेडिएटर साफ केला, कॅप आणि होज बदलले, लीक बंद करणारी पावडरही टाकली. डोकं पिकलं.

थंड इंजिनवर प्रेशर टेस्टर लावून कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप मारला, तेव्हा इंजिन ब्लॉकचा कोअर प्लग (ब्लॉकमधलं पाण्याचं भोक बंद करणारं पत्र्याचं गोल झाकण) पाझरताना दिसला. गाडी चालताना पाण्याची वाफ होते, म्हणून डाग पडत नाही.

आधी रेडिएटरचा कॉक आणि ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडून पाणी काढा. पंचने प्लगची एक कड हलकेच आत ठोका. तो आडवा होतो, मग पकडीने ओढा. आत पडू देऊ नका. बैठक पॉलिश पेपरने घासा, व्यास व्हर्नियरने मोजा आणि त्याच मापाचा पितळी प्लग घ्या. पत्र्याचा पुन्हा गंजेल. कडेला सीलंट लावून जाड सॉकेटने सरळ ठोका. सीलंट सुकल्यावर स्वच्छ पाणी येईपर्यंत ब्लॉक धुवा. मग इथिलीन ग्लायकोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत कॅप काढून इंजिन चालवा, पातळी पुरी करा.

गोव्यात पाणी गोठत नाही, पण कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं इथेही हवीतच. मनालीला नेणार असाल तर हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपास टिकतं. निव्वळ ग्लायकोल मात्र उणे १३ लाच गोठतं. सांडलेलं लगेच पुसा. चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.